बोटीतल्या गाद्यांना नवीन कापड घ्यायचंय, कोणतं घेऊ?

या वेळी शिडाच्या बोटीवाल्यांचे बरेच प्रश्न एकाच विषयावर आलेत, केबिनमधल्या गाद्यांच्या खोळी बदलायच्यात आणि कापड ठरत नाहीये. म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: नमस्कार ताई, आमची तीस फुटी शिडाची बोट आहे, सेकंडहँड घेतलेली. आतल्या गाद्यांच्या खोळी मूळच्याच आहेत, ठिकठिकाणी विरल्यात, खालच्या बाजूला काळे ठिपके आलेत आणि हॅच (केबिनच्या छतातलं झाकण) उघडलं की कुबट वास येतो. एक मित्र म्हणतो कॉकपिटच्या, म्हणजे बाहेरच्या उघड्या बसायच्या जागेतल्या, गाद्यांना लावतात ते ॲक्रिलिक घे, दुसरा म्हणतो रेक्झिन घे म्हणजे पुसलं की झालं, आणि बायकोला स्वेडसारखं मऊ काहीतरी हवंय. सुट्टीत आम्ही बोटीवरच झोपतो, मुलं पोहून आली की ओल्या कपड्यांनी तशीच बसतात. नक्की काय घ्यावं?

उत्तर: कापडाचं नंतर बघू, आधी ते काळे ठिपके. ते खालच्या बाजूला आहेत म्हणताय, म्हणजे वरून काही सांडून आलेले नाहीत. झोपलेल्या माणसाच्या अंगातून आणि श्वासातून रात्रभरात पाव लिटर तरी पाणी वाफ होऊन जातं, त्यातलं काही गादीतून खाली उतरतं, आणि खालची फळी किंवा बोटीचं फायबरग्लासचं अंग बाहेरच्या पाण्यामुळे गार असतं तिथे त्या वाफेचं परत पाणी होतं. बर्थखाली बहुतेक वेळा प्लायवूडची बंद पेटीच असते, हवा खेळत नाही, मग ते पाणी जाणार कुठे? तिथेच मुरतं आणि बुरशी धरते. वर कितीही भारी कापड घातलंत तरी हे चालूच राहणार.

म्हणून खोळीची वरची आणि खालची बाजू एकाच कापडाची हवी असं मनात धरू नका. खालच्या बाजूला जाळीचं कापड लावा, पॉलिएस्टरच्या दोऱ्यावर पीव्हीसीचा लेप दिलेली जाळी मिळते ती चांगली, कुजत नाही आणि हवा जाऊ देते. आणि गादी फळीपासून थोडी उचला. त्यासाठी लाकडी पट्ट्या चालतात, प्लास्टिकच्या स्प्रिंगांची जाळी मिळते, किंवा गुंतवळीसारखी दिसणारी जाड प्लास्टिकची मॅट मिळते ती गादीखाली अंथरायची. दोन सेंटीमीटर जरी पोकळी झाली तरी खूप फरक पडतो. प्लायवूडला भोकं पाडतात लोक, तेही चांगलं, फक्त आधी बघा की खाली पाण्याची किंवा डिझेलची टाकी नाही ना आणि ती फळी बोटीच्या मजबुतीचा भाग नाही ना.

आता वरचं कापड. पहिली गोष्ट म्हणजे कापूस, लिनन, व्हिस्कोस यातलं काहीही नको, पॉली-कॉटन मिक्सही नको. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून बसतो, ॲक्रिलिक दीड-दोन टक्के आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. शिवाय कापूस हे बुरशीचं खाद्यच आहे. सिंथेटिक धागा बुरशी खात नाही, पण त्यावरचा घाम, तेल, खाण्याचे कण नक्की खाते, म्हणून 'बुरशी येतच नाही' असं कुणी सांगितलं तर त्याचा अर्थ एवढाच घ्या की कापड कुजणार नाही, धुवावं लागणारच.

मित्राने सांगितलेलं ॲक्रिलिक म्हणजे सोल्युशन-डाइड ॲक्रिलिक, सनब्रेला हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव, ग्लेन रेव्हन कंपनीने ते १९६१ मध्ये आणलं. यात धागा बनायच्या आधीच रंग मिसळलेला असतो, तो धाग्याच्या आरपार जातो, त्यामुळे उन्हाने उडत नाही आणि वेळ पडली तर पातळ केलेल्या ब्लीचने बुरशी धुता येते. मोठेच गुण आहेत हे. पण ते कापड मुळात उन्हासाठी केलेलं आहे आणि केबिनमध्ये ऊन किती येतं? हॅचच्या खाली आणि खिडकीसमोर, बास. आणि घासणं सोसायची ॲक्रिलिकची ताकद पॉलिएस्टरपेक्षा कमी, रोज चढून-उतरून बसायच्या कडेला त्याला लव सुटते, गोळे येतात. त्यातही ताडपत्रीसाठी आणि छतासाठी विणलेला जो प्रकार असतो तो आत चुकूनही घेऊ नका, पाणी अडवायला त्यावर फिनिश देऊन तो कडक केलेला असतो, त्यावर झोपवत नाही. घ्यायचंच तर त्याच कंपन्यांचा फर्निचरसाठीचा मऊ प्रकार घ्या.

रेक्झिन केबिनमध्ये मला अजिबात पटत नाही. पुसता येतं हे खरं, पण उघड्या पायांना चिकटतं, खाली घाम साठतो, आणि बोट एका अंगावर कलली की त्यावरून माणूस घसरतो. कलणाऱ्या बोटीत बसायचं कापड थोडं खरबरीत असायला हवं, ही गोष्ट दुकानात उभं राहून कुणाच्या लक्षात येत नाही. झोपायच्या गादीला तर हवा न जाणारं कापड म्हणजे ओल आत कोंडून ठेवणं. चार्ट टेबलच्या, म्हणजे नकाशे बघायच्या टेबलाच्या, समोरची एकटी सीट, जिथे ओल्या रेनकोटसकट बसायला लागतं, तिथे रेक्झिन शोभतं.

बायकोच्या पसंतीला माझा पाठिंबा आहे, पण अर्धा. स्वेडसारखं दिसणारं ते कापड म्हणजे पॉलिएस्टरचे अतिसूक्ष्म धागे पॉलियुरेथेनने बांधलेले, जपानच्या तोरे कंपनीने १९७० मध्ये ते तयार केलं आणि अल्ट्रास्वेड नावाने जगभर गेलं. छान असतं, दशा निघत नाहीत, घसरायला होत नाही, गार हवेत अंगाला थंडगार लागत नाही. पण नाव मायक्रोफायबर आणि आत भलतंच असे स्वस्त प्रकार पुष्कळ आहेत, आणि ओल्या पोहण्याच्या कपड्यांनी बसणारी मुलं असतील तर त्यावर मिठाचे पांढरे डाग उठून दिसतात. पाठीच्या उश्यांना आणि पुढच्या टोकातल्या व्ही आकाराच्या झोपायच्या जागेला (व्ही-बर्थ) ते घ्या, मधल्या बाकांना नको.

मधल्या बाकांना मी पॉलिएस्टरचं जाडसर, ट्वीडसारखं विणलेलं कापड घेईन, दोन-तीन छटांचे धागे एकत्र असलेलं. पाणी धरत नाही, घासणं सोसतं, धुतल्यावर लवकर वाळतं, डाग त्या पोतात मुरून जातात. पॉलिप्रोपिलीन म्हणजे ज्याला ऑलेफिन म्हणतात तेही पाणी जवळजवळ धरतच नाही, पण ते १६० अंशांच्या आसपास वितळायला लागतं, पॉलिएस्टर अडीचशेच्या पुढे, त्यामुळे गरम तवा नाहीतर इस्त्री त्याच्या जवळ नको, आणि तेलाचा डाग त्यावरून सहजी जात नाही.

राहिली मुलं. गोड्या पाण्याने ओली झालेली गादी वाळते, समुद्राच्या पाण्याने झालेली नीट वाळतच नाही, कारण साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं ते तर तेहतीस टक्क्यांनाच. म्हणजे एकदा मीठ कापडात शिरलं की गादी कायम दमट, कापड कोणतंही असो. मुलांना कॉकपिटमध्येच गोड्या पाण्याने अंग धुवायला लावा आणि बाकावर टॉवेलच्या कापडाची सुटी चादर टाका, ती धुवायला सोपी. कापडाच्या निवडीपेक्षा ही सवय तुमच्या गाद्या जास्त वाचवेल.

प्रश्न: कापडाच्या लेबलवर एका ठिकाणी '३०,००० डबल रब्ज' आहे आणि दुसऱ्यावर '४०,००० मार्टिनडेल'. चाळीसवालं जास्त टिकाऊ ना?

उत्तर: असं थेट लावता येत नाही. डबल रब्ज म्हणजे वायझेनबीक चाचणी, त्यात कापड ताणून त्यावर जाडं सुती कापड नाहीतर तारेची जाळी पुढे-मागे घासतात. मार्टिनडेलमध्ये लोकरीचं कापड आठाच्या आकड्यासारखं गोल फिरवत घासतात. घासायची पद्धत वेगळी, आकडा वेगळा, एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायचं कोष्टक नाही. वायझेनबीकचे १५,००० म्हणजे घरातल्या दणकट वापराला पुरेसं धरतात आणि ३०,००० ऑफिस-हॉटेलच्या वापराला, मार्टिनडेलला पंचवीस हजाराच्या वर असलं की आपल्या कामाला झालं.

आणि खरं सांगते, बोटीत कापड घासून मरण्याआधी शिवणीतून, नाहीतर बुरशीने, नाहीतर डागाने मरतं. आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा सँपल मागा, तळहाताएवढं नको, चांगलं वहीच्या पानाएवढं. अर्धं समुद्राच्या पाण्यात भिजवा आणि बोटीतच वाळत टाका, बाकीच्या अर्ध्यावर चहा, सनस्क्रीन, थोडं डिझेल लावून दुसऱ्या दिवशी साबणाने धुवा. मग त्यावर उघडा दंड घासून बघा, कारण झोपताना दंडच लागतो. उलटी बाजूही बघा, काही कापडांना मागून रबरासारखा लेप असतो तो दमटपणाने सुटून भुगा होतो, तसलं नको.

प्रश्न: आमच्या खोळी लेदरसारख्या कापडाच्या आहेत, बोट फारशी वापरली नाही तरी सोलपटं निघायला लागलीत, काळ्या पापुद्र्यांनी कपडे भरतात. दुरुस्त होईल का?

उत्तर: नाही होणार. ते पीव्हीसीचं रेक्झिन नसून पॉलियुरेथेनचा लेप दिलेलं कापड असणार. त्यातल्या काही प्रकारांची साखळी हवेतल्या पाण्यानेच तुटते, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात, उष्ण आणि दमट बंद केबिनमध्ये ते भराभर होतं, वापरा किंवा नका वापरू. वरून रंग, गोंद, क्रीम काहीही लावलं तरी पापुद्रा खालून सुटलेला आहे. खोळ काढून टाका. पुढच्या वेळी लेदरसारखंच हवं असेल तर मरीन ग्रेडचं पीव्हीसी रेक्झिन घ्या किंवा पॉलियुरेथेनचं असेल तर हायड्रोलिसिसची चाचणी किती आठवड्यांची केलीये ते विक्रेत्याला विचारा, त्याला तो शब्दच माहीत नसला तर समजून घ्या.

प्रश्न: ताई, घरच्या मशीनवर स्वतः खोळी शिवायचा विचार आहे, पडदे वगैरे शिवते मी. कापड किती लागेल, चेन आणि दोरा कोणता आणि कशाची काळजी घेऊ?

उत्तर: नक्की शिवा, पडदे येतात म्हणजे हे जमेल, फक्त जाड कापडाचे चार थर एकदम सुईखाली येतात तेव्हा मशीन घेतं का ते आधी तुकड्यावर बघा, सुई १६ किंवा १८ नंबरची लावा.

कापडाचा पन्हा बहुतेक १३७ ते १४० सेंटीमीटर असतो आणि बोटीतलं बाक असतं दोन मीटरच्या आसपास लांब, त्यामुळे कापड आडवं टाकलं तर मध्ये जोड येणारच. जोड नको असेल तर ताक्याच्या लांबीत कापायचं, पण मग रेघा किंवा लव असेल तर तिची दिशा बदलते, सीटवर एक आणि पाठीवर वेगळी, आणि एकाच रंगाचं कापड दोन रंगांचं दिसायला लागतं. म्हणून विकत घ्यायच्या आधीच ठरवा की सगळे तुकडे कोणत्या दिशेने जाणार, कागदावर पन्ह्याची पट्टी काढून त्यात सगळे तुकडे मांडून बघा. काही कापडं मुद्दाम लांबीत वापरायला विणलेली असतात, त्यांचं डिझाइन ताक्यावर आडवं दिसतं, लांब बाकांना ती सोयीची. मोठं डिझाइन असलं तर जुळवण्यात खूप कापड वाया जातं, बोटीतल्या वेड्यावाकड्या तुकड्यांना साधा पोतच बरा. थोडं जास्तीचं घ्या आणि ठेवून द्या, नंतर तीच छटा मिळत नाही.

माप जुन्या खोळीवरून घेऊ नका, ती ताणून सैल झालेली असते, आणि फोमही बसलेला असतो. बर्थवर जाड प्लास्टिक अंथरून खरा आकार आखून घ्या. बोटीचं अंग बाहेर झुकलेलं असतं त्यामुळे बऱ्याच गाद्यांची एक कड तिरकी असते, वरचा तुकडा खालच्यापेक्षा मोठा येतो, हा फरक मोजायचा राहिला की गादी बसतच नाही. प्रत्येक तुकड्यावर खडूने लिहा, पुढची बाजू कुठली, वरची कुठली, डावी की उजवी. डावी-उजवी एकमेकींच्या आरशातल्या आकाराच्या असतात, एकसारख्या दोन कापल्या की एक वाया.

दोरा पॉलिएस्टरचाच, सुती कुजतो. बाँडेड पॉलिएस्टर व्ही-६९ हा नेहमीचा जाडसर दोरा आहे, घरच्या सगळ्या मशीन तो नीट घेत नाहीत, तुमचं घेत नसेल तर एक पायरी बारीक घ्या पण पॉलिएस्टर सोडू नका. चेन प्लास्टिकच्या दातांची, आणि तिचा सरकणारा तुकडाही प्लास्टिकचा, कारण बरेच जण चेन बघून घेतात आणि सरकणारा भाग धातूचा निघतो, तो खाऱ्या हवेत जाम होऊन बसतो. चेन लांबच्या लांब मागच्या कडेला लावा आणि दोन्ही कोपऱ्यांवरून थोडी वळवून पुढे आणा, नाहीतर दहा सेंटीमीटर जाड फोम आत घालताना शिवण उसवते.

पाइपिंग, म्हणजे शिवणीत दोरी घालून केलेली गोट, बाकाच्या पुढच्या कडेला छान दिसतं आणि कड झिजण्यापासून वाचते, पण जिथे झोपायचं तिथे ती दोरी रात्रभर टोचते, झोपायच्या गाद्यांना साधी दुहेरी टीप पुरे. बटणंही नकोत, आतला धातू गंजतो आणि डाग वर येतो. शिवायच्या आधी कापड एकदा धुवून घ्या, म्हणजे काय आटायचं ते आधीच आटेल आणि पुढे खोळ धुतल्यावर परत चढेल.

प्रश्न: फोम जुनाच ठेवला तर चालेल ना? दिसायला ठीक आहे.

उत्तर: दिसण्यावर जाऊ नका. फोम काढून मुठीत दाबा, सोडल्यावर हळूहळू वर येत असेल किंवा हाताला पिवळा भुगा लागत असेल तर तो संपलाय. गुडघा टेकून बघा, खालची फळी लागली तरी तेच. वास बघा, बुरशी आतपर्यंत गेली असेल तर वरून धुवून जात नाही, नवीन खोळीला तोच वास लागतो आणि सगळी मेहनत फुकट.

नवीन घेताना दोन गोष्टी वेगळ्या विचारा, घनता आणि कडकपणा. लोक कडक फोमला जड फोम समजतात. घनता म्हणजे किती वर्षं टिकेल, घनमीटरला ४० किलोच्या आसपास किंवा वर असलेला घ्या, आणि कडकपणा तुमच्या अंगाला बघून ठरवा, चालत असेल तर दुकानात त्यावर झोपूनच. फोम खोळीपेक्षा सेंटीमीटरभर मोठा कापा आणि वरून पॉलिएस्टर वॅडिंगचा (कापसासारख्या मऊ भरावाचा) पातळ थर गुंडाळा, खोळ भरलेली आणि बिनसुरकुतीची दिसते. क्लोज्ड-सेल फोम (ज्याची छिद्रं बंद असतात तो) पाणी शोषत नाही म्हणून काही जण तो आतल्या बर्थला घालायला निघतात, पण तो कॉकपिटच्या गाद्यांसाठीच ठीक आहे, झोपायला फळीसारखा लागतो.

प्रश्न: स्वयंपाकाचा ओटा बाकाला लागूनच आहे. कापड पेट घेणार नाही असं काही मिळतं का?

उत्तर: हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार चांगलं झालं, बहुतेक जण विचारत नाहीत. कापडापेक्षा आतल्या फोमची काळजी जास्त करा, साधा पॉलियुरेथेन फोम पेटला की झपाट्याने जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड बाहेर पडतं, केबिन लहान आणि बाहेर जायची वाट बहुतेक वेळा ओट्याच्या बाजूनेच. म्हणून फोम आगरोधक घ्या आणि कापड व फोम एकत्र बीएस ५८५२ या ब्रिटिश मानकासारखी सिगरेट आणि काडीच्या ज्वाळेची चाचणी पास झालेलं आहे का ते लेखी मागा. आगरोधकपणा धाग्यातच आहे की वरून फवारलाय हेही विचारा, फवारलेला धुण्यात कमी होत जातो. लोकर सहज पेट घेत नाही, वितळून अंगाला चिकटत नाही, पण ओल धरते, त्यामुळे ओट्याजवळची पाठीची एखादी उशी लोकरीची चालेल, बर्थ नाही. ओट्याच्या बाजूची बाकाची कड उघडी असेल तर मध्ये न जळणारी आडोशाची पट्टी बसवा, कापड कितीही चांगलं असलं तरी ही पट्टी लावाच.

प्रश्न: केबिन लहान आणि अंधारी आहे. पांढरं कापड घ्यावं का?

उत्तर: शुद्ध पांढरं नको, गडद निळंही नको. पांढऱ्यावर डिझेल आणि सनस्क्रीन दिसतं, गडदवर मीठ आणि धूळ दिसते. राखाडी, वाळूचा रंग, फिका निळसर हिरवा अशा मधल्या छटेत मिश्र धाग्याचं कापड घ्या, उजेडासाठी छत आणि भिंती फिक्या ठेवा. रंग ठरवताना सँपल केबिनमध्ये नेऊन दिवसा आणि रात्री तिथल्याच दिव्याखाली बघा, जुन्या वार्निशच्या पिवळट लाकडाशेजारी बरेच राखाडी रंग जांभळट दिसायला लागतात आणि ते दुकानात कळत नाही.